टॉवर आला की वारा कुठून जाणार? बिल्डरचं सिम्युलेशन आणि सीमेवरचे कडुनिंब

ओटल्यावरचा
नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या, बडोद्याबाहेरच्या आणि मनाने अजून मांडवीतच असलेल्या सगळ्यांना विचारतोय.

आमची सोसायटी वासणा रोडच्या आतल्या बाजूला, बैठ्या आणि दुमजली घरांची. नैर्ऋत्येच्या मोकळ्या प्लॉटवर आता बारा मजली टॉवर येतोय, उंची ४० मीटरच्या आसपास. टॉवर नको म्हणण्यात अर्थ नाही, परवानगी झालेली आहे. पण मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाने लॅपटॉपवर वाऱ्याचं सिम्युलेशन दाखवलं. निळ्या-हिरव्या-लाल रेघा येतात, टॉवरला वळसा घालतात आणि आमच्या छपरांवरून सुळकन निघून जातात. निष्कर्ष काय, तर "तुमची हवा अडणार नाही, उलट वाढेल." आणि त्याच दमात: सीमेवरचे जुने कडुनिंब हवा अडवतात, ते काढले तर दोघांचाही फायदा.

अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. चित्र इतकं देखणं की शंका काढणारा आगाऊ ठरावा. अशा चित्रावर कितपत विसंबायचं? त्या माणसाला नेमकं काय विचारायचं? आणि झाडं खरंच वारा अडवतात का?

कट्टेकरी
मीटिंगला खायला काय होतं? लीलो चिवडा असेल तर मी टॉवरच्या बाजूने.

ओटल्यावरचा
सामोसे. म्हणून तर माना डोलल्या.

फिरकीवाला
सिम्युलेशन कशाला पाहिजे, उत्तरायणला (संक्रांतीला) धाब्यावर, म्हणजे गच्चीवर चढा, सगळं कळतं.

आमच्या निझामपुऱ्याच्या घराच्या उत्तरेला सहा मजली अपार्टमेंट झालं आणि आमच्या धाब्यावरून पतंग चढेनासा झाला. हवा होती, लांबच्या धाब्यांवरचे पतंग वर खिळल्यासारखे उभे होते. आमचा ठुमकी मारली की चार हात उचलायचा, गोल गरगरायचा आणि पाण्याच्या टाकीवर आपटायचा. किन्ना बदलला, पतंग बदलला, दोर बदलला. शेवटी पुतण्या पतंग घेऊन गल्लीच्या पार टोकाला गेला आणि तिथून त्याने सोडला. अपार्टमेंटच्या डोक्याच्या वर गेला मात्र, दोर एकदम ताठ! खाली मेलेली हवा आणि वर जिवंत. तुमच्या बिल्डरला म्हणावं ये धाब्यावर, फिरकी धर.

कट्टेकरी
आणि मग काप्यो छे!

जाळीदार
मी कारेलीबागेत वाढलो, सध्या पुण्यात सीएफडीचंच, म्हणजे हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवण्याचं काम करतो (गाड्यांवर जास्त, इमारतींवर कमी). थोडं सविस्तर लिहितो.

हवेचा एक मोठा खोका कल्पायचा, त्यात इमारती ठेवायच्या, उरलेल्या हवेचे लाखो ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळ्यात किती हवा आली, किती गेली, दाब किती, याचा हिशेब जुळेपर्यंत सोडवत बसायचं. समीकरणं नेव्हिए आणि स्टोक्स यांची, एकोणिसाव्या शतकातली. ओपनफोमसारखं फुकट सॉफ्टवेअर २००४ पासून सगळ्यांना खुलं आहे, त्यामुळे रंगीत चित्र कुणीही काढू शकतो. गणित सहसा चुकत नाही. चुकतं ते गणिताला दिलेलं काम.

म्हणून पहिला प्रश्न हाच, की वारा कुठल्या दिशेचा घेतला? एकच दिशा घेतली असेल तर तो नमुना झाला, अभ्यास नाही. निदान आठ, खरं तर बारा किंवा सोळा दिशा चालवायच्या आणि प्रत्येकीला वर्षातून किती तास तसा वारा असतो त्याप्रमाणे वजन द्यायचं. हरणी विमानतळावर वाऱ्याची नोंद नियमित होते, माहिती नाही अशी सबब चालणार नाही. उन्हाळा-पावसाळ्यात आपल्याकडे मुख्य वारा नैर्ऋत्येचा, थंडीत उत्तर-ईशान्येचा. तुमच्या बाबतीत टॉवरच नैर्ऋत्येला. म्हणजे ज्या महिन्यांत वारा हवाहवासा असतो, नेमकं तेव्हा तुम्ही त्याच्या आडोशाला.

मग खोका केवढा होता ते विचारा. युरोपातल्या कॉस्ट ७३२ या गटाने २००७ मध्ये आणि जपानच्या आर्किटेक्चर इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये याचे ठोकताळे दिलेत. ४० मीटरच्या टॉवरला वाऱ्याच्या बाजूला, दोन्ही अंगांना आणि डोक्यावर प्रत्येकी २०० मीटर मोकळी हवा ठेवायची, मागे ६०० मीटर. खोक्याच्या तोंडाचा ३ टक्क्यांपेक्षा जास्त भाग इमारतींनी अडता कामा नये. खोका चिंचोळा केला की हवेला जायला जागा नाही, ती नाइलाजाने पळते, आणि चित्रात दिसतं "हवा वाढली"! हे मुद्दाम करतात असं नाही, छोटा खोका लॅपटॉपवर लवकर सुटतो इतकंच.

जमिनीलगत वारा मंद असतो, वर वाढत जातो. तो चढता वेग खोक्याच्या तोंडाशी द्यावा लागतो. खालपासून वरपर्यंत सरसकट एकच वेग दिला असेल तर पुढचं काहीच बघू नका.

आणि चित्र कुठल्या उंचीवरचं? छपरावरून जाणाऱ्या लाल रेघांनी तुमच्या अंगणात पानही हलत नाही. माणसाच्या उंचीवरचा, दीड-पावणेदोन मीटरचा काप मागा.

झाडांबद्दल जाणकारांनी लिहावं. मी एवढंच विचारेन की झाडं घातली होती का, आणि घातली तर भिंत म्हणून की चाळणी म्हणून?

शंकासूर
जाळीदार, उत्तम. पण फिरकीवाल्यांच्या पुराव्याला माझी हरकत आहे. उत्तरायण १४ जानेवारीला, तेव्हा वारा उत्तरेकडचा. त्यांचं अपार्टमेंट उत्तरेला म्हणून ते आडोशाला आले. ओटल्यावरच्यांचा टॉवर नैर्ऋत्येला आहे, जानेवारीत त्यांची घरं आधी आणि टॉवर नंतर. तेव्हा पतंग मजेत चढेल आणि बिल्डर म्हणेल बघा, हवा अडली का?

फिरकीवाला
शंकासूर, बरोबर. पण "मजेत" नाही हो! उंच बिल्डिंगच्या तोंडासमोरच्या धाब्यावरून चढवून बघा एकदा. पतंग बिल्डिंगजवळ गेला की खाली दाबला जातो, कोणीतरी डोक्यावर हात ठेवल्यागत. तिथे आमचे बरेच पतंग खिडक्यांच्या छज्ज्यांवर गेलेत.

जाळीदार
हे फार मोलाचं निरीक्षण आहे. वारा टॉवरच्या तोंडावर आदळतो तेव्हा साधारण दोन-तृतीयांश उंचीवर तो थबकतो. त्याच्या वरचा छपरावरून जातो, खालचा बराचसा भिंतीवरून खाली घसरतो. वरचा वारा वेगवान, तोच जमिनीवर येतो, आपटतो आणि उलटा मागे, म्हणजे समोरच्या बैठ्या घरांकडे वळतो. शिवाय टॉवरच्या कोपऱ्यांना वळसा घालताना वेग वाढतो तो वेगळाच. समोर ठेंगणी घरं आणि मागे उंच पाटी, ही या घसरणीला अगदी पोषक मांडणी आहे.

इंग्लंडमधल्या लीड्सला ब्रिजवॉटर प्लेस म्हणून ११२ मीटरचा टॉवर आहे. २०११ मध्ये त्याच्या पायथ्याच्या वाऱ्याने ट्रक उलटला आणि पायी जाणारा माणूस त्याखाली गेला. नंतर वारा फोडायला तिथे मोठमोठे पडदे उभारावे लागले. बारा मजल्यांना असलं काही होणार नाही, घाबरू नका. पण थंडीत गल्लीत झोत आणि मे महिन्यात कोंदट, असा उलटा व्यवहार होऊ शकतो.

रावपुरेकर
तुमचं चालू द्या. आमच्या आजोबांच्या दांडिया बाजारच्या वाड्यात मधे चौक होता, चारही बाजूंना ओसरी. कॉम्प्युटर नव्हता, जाळी नव्हती, पण दुपारी चौकात पाणी मारलं की घर गार. सयाजीराव महाराजांच्या काळात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस बडोद्याला आले, १९१६ मध्ये शहरावर अहवाल दिला. हल्लीच्या बिल्डरांना तो सक्तीने वाचायला लावा.

मैना
रावपुरेकर काका, आदर राखून विचारते, त्या वाड्याच्या मागच्या खोल्यांत मे महिन्यात कोण झोपायचं? आमच्या वाड्यात सगळे धाब्यावर गाद्या टाकायचे, आणि बायकांना सगळ्यात आतली खोली!

रावपुरेकर
झोपायचे धाब्यावरच. तिथे वारा होता म्हणूनच ना?

इंदूरकर_भिया
आमच्याकडे माळव्यात हा प्रश्नच नाही. संध्याकाळ झाली की हवा आपोआप गार, पोहे-जिलबी सकाळी, झोप रात्री. तुम्ही बडोदेकर घामाने का होईना, विज्ञान शिकताय हे चांगलं.

कट्टेकरी
इंदूरकर, मे महिन्यात तुमच्याकडचे पाहुणे एसीच्या समोरून हलत नाहीत ते काय हवेच्या अभ्यासासाठी?

मैना
मुद्द्यावर येते. शंकासुरांनी जानेवारीचा पुरावा बाद केला ना, मग मे महिन्याचा घ्या. आमची बिल्डिंग चार मजली, गच्चीवर एप्रिल-मे मध्ये वाळवण असतं. नैर्ऋत्येच्या कठड्यापाशी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या तर प्लास्टिकचा कागद हलतही नाही. हळूहळू पुढे सरकलं की मात्र कागदाच्या कडा फडफडायला लागतात, दगड ठेवावेच लागतात. आणि जिन्याच्या खोलीच्या मागे (वारा तिकडून येतो त्याच्या पलीकडे) कुर्डया घातल्या तर धूळ आणि वाळकी पानं गोल गोल फिरून तिथेच येऊन पडतात. सासूबाई म्हणतात तो कोपरा "कचऱ्याचा". वर्षानुवर्षं कोपरा बदललेला नाही.

जाळीदार
मैनाताई, भरीव कठड्यावरून वारा उडी मारतो, त्याच्या लगेच मागे शांत पट्टा, पुढे जाऊन तो पुन्हा खाली टेकतो. आणि जिन्याच्या खोलीमागे भोवरा. सिम्युलेशन तपासायला याहून चांगला पुरावा कुठला? मी तुमची गच्ची चालवली आणि कचऱ्याचा कोपरा चुकीच्या जागी आला, तर माझं मॉडेल चूक, सासूबाई बरोबर.

पानोपानी
झाडांचं मी लिहिते, वनस्पतिशास्त्र शिकवलंय आणि झाडं लावलीही आहेत.

झाड भिंत नव्हे. त्यातून वारा जातो, फक्त थकून जातो. शेताच्या कडेच्या झाडांच्या रांगांवर खूप काम झालंय आणि त्यात दिसतं ते असं: भरीव भिंतीमागे वारा लगेच गरगरतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा जोर धरतो. पण निम्म्याहून जरा कमी भाग फटींचा असलेली रांग वाऱ्याला लांबवर, तिच्या उंचीच्या दहापटींपेक्षाही पुढपर्यंत, मऊ ठेवते. म्हणजे झाडं वारा कमी करतात हे बिल्डरचं म्हणणं अर्धं खरं आहे.

उरलेलं अर्धं असं, की कडुनिंबाला खोड असतं हो! पर्णसंभार वर, खाली मोकळं. जुन्या कडुनिंबाखाली खाट टाकून बसलेल्याला विचारा. वारा वरून अडतो तसा खालच्या मोकळ्या जागेतून वाटही काढतो. खालच्या फांद्या नीट छाटलेल्या असतील तर माणसाच्या उंचीवर फारसं काही हरवत नाही. भिंतीला लागून आसोपालवची (खोट्या अशोकाची) दाट रांग असती, पायापासून शेंड्यापर्यंत पानं, तर मी बिल्डरशी निम्मी सहमत झाले असते.

आणि मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंशांची हवा "वाढून" करायचं काय? ती लू आहे. त्या वेळी हवी ती सावली.

जाळीदार
झाड मॉडेलमध्ये कसं घालतात ते जोडतो. झाडाच्या जागेतल्या ठोकळ्यांना सांगायचं की इथून जाणाऱ्या हवेचा जोर इतका कमी कर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. किती, ते ठरतं दर घनमीटर जागेत किती चौरस मीटर पान आहे त्यावर (मध्यम ते दाट झाडाला १ ते २), आणि एका गुणांकावर, जो बहुधा ०.२ घेतात. वारा पानांतून जाताना खळबळही बदलते, तीही घालावी लागते, ती बरेच जण विसरतात.

पानोपानी
आणि ऋतू? युरोपातले आकडे हिवाळ्यात निष्पर्ण झाड धरतात. आपला कडुनिंब फाल्गुनाच्या सुमाराला पानं टाकतो आणि उन्हाळा तापेपर्यंत नव्या पालवीने भरतो. गुलमोहर उलट, मार्च-एप्रिलला बोडका. पुस्तकातला आकडा उचलून घातला तर झाड बडोद्याचं राहत नाही.

शिवाय झाड वाऱ्यात मिटतं. पानं गुंडाळतात, फांद्या झुकतात, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाइतका वाढत नाही. स्टीव्हन व्होगेल यांनी हे सुट्या पानांवर वाऱ्याच्या बोगद्यात (प्रयोगशाळेतल्या विंड टनेलमध्ये) दाखवलं होतं. ०.२ हा स्थिर आकडा मंद वाऱ्याला ठीक, वादळाला नाही.

ऱ्हाईनकाठ
एक उलटी बाजू मांडते, राग मानू नका. मी जर्मनीत कार्ल्सरूहेला असते. इथल्या वाऱ्याच्या बोगद्यात ग्रोम्के आणि रुक यांनी दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या रस्त्याचं मॉडेल ठेवून मधे झाडं लावून मोजलं. रस्त्यावर वाहनांचा धूर असेल आणि झाडांनी वर छत धरलं असेल, तर धूर खाली कोंडतो, रस्त्यावरची हवा झाडांशिवाय असते त्याहून खराब होते. सगळीकडे झाडं म्हणजे स्वच्छ हवा, असं नाही.

पानोपानी
राग कसला, बरोबर आहे. पण तो वाहता रस्ता, दोन्ही बाजूंना उंच भिंती. ओटल्यावरच्यांच्या सीमेवर ट्रॅफिक नाही, एका बाजूला बैठी घरं. रावपुऱ्यात लावायचं झाड आणि सोसायटीच्या कुंपणावरचं झाड, दोघांचा न्याय वेगळा.

रावपुरेकर
रावपुऱ्यात झाड लावायला जागा दाखवा, मी खड्डा खणून देतो.

ओटल्यावरचा
सगळ्यांचे आभार, प्रतिसाद छापून नेले होते. आज त्या माणसाला भेटलो. भला वाटला, टाळाटाळ केली नाही. वारा पश्चिमेचा, एकच दिशा. झाडं घातलीच नव्हती, "त्याने मेश (ठोकळ्यांची जाळी) जड होतो". म्हणजे ज्या चित्रात कडुनिंब नाहीतच त्यावरून कडुनिंब काढायचा सल्ला! दाखवलेला काप २० मीटर उंचीवरचा. आणि "हवा वाढेल" हे टॉवरच्या कोपऱ्याबद्दल होतं, तिथे त्यांचंच गेट आहे.

शेवटी त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की टॉवर सेकंदाला ४४ मीटरच्या वाऱ्याला डिझाइन केलाय. याचा आपल्याशी काय संबंध?

जाळीदार
काही नाही. तो आयएस ८७५ भाग ३ या इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकातला बडोद्याचा आकडा: मोकळ्या जमिनीवर १० मीटर उंचीवर तीन सेकंदांचा झोत, पन्नास वर्षांच्या हिशेबाने. ताशी १५८ किलोमीटर. टॉवर पडू नये म्हणून तो लागतो, तुमच्या अंगणात झुळूक येईल का हे त्यातून कळत नाही. सुखाचं मोजमाप वेगळं असतं. नेदरलँड्सच्या एनईएन ८१०० (२००६) या मानकात विचारतात की वाऱ्याचा तासाभराचा सरासरी वेग ५ मीटर प्रति सेकंदाच्या वर वर्षातले किती टक्के तास जातो. मात्र त्यांना वारा जास्त होण्याची भीती, आपल्याला कमी होण्याची. तो नियम उचलून आणला तर तुमची कोंदट गल्ली पहिल्या नंबरात पास होईल.

शंकासूर
समजा सगळं नीट केलं. बारा दिशा, मोठा खोका, झाडं. तरी उत्तर कितपत खरं?

जाळीदार
रोख विचारलंत. वाऱ्याचा फक्त सरासरी प्रवाह सोडवणाऱ्या नेहमीच्या पद्धतीने जिथे वारा जोराचा, म्हणजे कोपरे, फटी, तिथे उत्तर बऱ्यापैकी जुळतं. जिथे मंद, म्हणजे इमारतीच्या मागे, तिथे ते कच्चं. ही पद्धत टॉवरमागचा आडोसा प्रत्यक्षापेक्षा लांबट दाखवते. दुर्दैवाने तुमची घरं तिथेच आहेत. मोठे भोवरे क्षणाक्षणाला सोडवणारी पद्धत जास्त बरी, पण तिला लॅपटॉप पुरत नाही, दिवसेंदिवस मशीन लागतं.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा: प्लॉट मोकळा आहे तोवर मोजा! आजची स्थिती, घरं आणि कडुनिंब, आधी मॉडेलमध्ये घाला. मोजलेल्याशी जुळते का बघा, जुळेपर्यंत झाडांचे आकडे सुधारा. मगच टॉवर उभा करा, एकदा झाडांसकट, एकदा झाडांविना. टॉवर झाल्यावर मोजाल तर तुलना कशाशी करणार?

कलाभवनातला
मी टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकतो, ओपनफोम चालवता येतं. लॅबचं मशीन रात्री रिकामं असतं, सरांना विचारतो. पण मला घरांच्या उंच्या आणि झाडांची मापं लागतील: खोडाचा मोकळा भाग किती, घेर किती.

पानोपानी
झाडांची मापं मी घेऊन देते, जवळच राहते. उंची मोजायला बांबू आणि सावली पुरे.

फिरकीवाला
वारा मी मोजतो. हातात धरायचा पंख्याचा मीटर आहे, शिवाय प्रत्येक घराच्या धाब्यावर काठीला पतंगाची शेपटी बांधू. सकाळी आणि संध्याकाळी, मोबाइलवर व्हिडिओ.

जाळीदार
मीटर नुसता धाब्यावर नको, अंगणातही धरा, दीड-पावणेदोन मीटरवर, दर ठिकाणी निदान दहा मिनिटं. आणि एक काठी मोकळ्या प्लॉटच्या मधोमध, जमेल तितकी उंच. बाकी सगळे आकडे तिच्या तुलनेत मांडायचे, नाहीतर वारा त्या दिवशीचा कमीजास्त होता की घराने अडवला हे कळणार नाही.

ओटल्यावरचा
प्लॉटमध्ये काठी लावायला बिल्डरची परवानगी लागेल. विचारतो.

अजून एक राहिलं. टॉवरखाली हॉलो प्लिंथ आहे, म्हणजे खांबांमधली मोकळी जागा, गाड्या लावायला. मागच्या बाजूला ते भिंत घालणार आहेत. ती घातली नाही तर फरक पडतो का?

जाळीदार
पडतो. टॉवरच्या तोंडाला दाब जास्त, पाठीला कमी, खालून वाट मिळाली तर वारा जोरात आरपार येतो. थंडीत त्यांच्या पार्किंगमध्ये झोत जाणवेल, मे-जूनमध्ये तुमच्या पहिल्या ओळीच्या घरांना झुळूक. भिंतीऐवजी जाळीची मागणी करा. झाडांच्या वादापेक्षा ही मागणी पदरात पडायला सोपी, त्यांचा खर्चही वाचतो.

मैना
जाळी असेल तर धूळही येणार. पहिल्या ओळीतल्या बायकांना विचारलंत का?

ओटल्यावरचा
पहिल्या ओळीत आम्हीच. घरात विचारून सांगतो.

कलाभवनातला
सर हो म्हणाले. दोन्ही चालवू, भिंत आणि जाळी. ओटल्यावरचा काका, प्लॉटचा नकाशा आणि हॉलो प्लिंथची उंची व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.